जाळ्याची हजेरी

शाळेत रोज हजेरी होते. आपण नाव पुकारतो, मूल ‘हजर’ म्हणते आणि पटावर खूण होते. उत्तर आले नाही तर आपण गैरहजेरी मांडून पुढच्या नावाकडे वळतो. पण ते मूल आलेलेच नाही असे कशावरून? ते पाणी प्यायला गेले असेल, मागच्या बाकावर डुलकी घेत असेल, किंवा बाहेरून ट्रक जात असल्याने त्याचे ‘हजर’ आपल्यालाच ऐकू आले नसेल. शांतता एकच असते, तिचे अर्थ मात्र अनेक.

संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका गावच्या माध्यमिक शाळेत. आम्ही काही प्रयोग घेऊन तिथे गेलो होतो. दहावीच्या परीक्षेचे अर्ज संगणकावरून भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि चौदा मुलांचे अर्ज राहिले होते. अकराच्या सुमारास प्रयोगशाळेतले सहा संगणक एकदम ‘बंद’ पडले. म्हणजे पडदा चालू होता, पण बाहेरच्या जगाशी संबंध तुटला होता. आम्ही एक संगणक उघडला, पुसला, पुन्हा जोडला. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन केला. दोन तासांनी एका मुलीने टेबलाखाली वाकून पाहिले. सहाही तारा ज्या लहानशा डबीत येतात, त्या ‘स्विच’ची पिन झाडताना निघाली होती. अर्ज वेळेत गेले, विलंब शुल्क वाचले. पण घरी येताना एकच विचार मनात होता : सहा तारांच्या जाळ्यात दोन तास लागले, तर ज्यांची यंत्रे हजारो किलोमीटरवर पसरली होती त्यांनी काय केले असेल?

म्हणून आम्ही जुने कागद वाचायला घेतले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

गोष्ट सुरू होते १९६९ साली अमेरिकेत. संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेच्या पैशातून विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडायचे ठरले. या जाळ्याला पुढे ‘आर्पानेट’ म्हणू लागले. प्रत्येक विद्यापीठाचा संगणक वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या स्वभावाचा. म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याच्याशेजारी एक लहान संगणक बसवण्यात आला. लहान म्हणजे फ्रिजएवढा! त्याचे काम पोस्टमनचे : संदेश घ्यायचा, पाहायचा, पुढच्या ठिकाणी पाठवायचा. या यंत्राला ‘इंप’ म्हणत. आजच्या राउटरचा हा आजोबाच. पहिला इंप १९६९च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोहोचला आणि वर्षाअखेरीस चार ठिकाणी इंप चालू झाले.

हे इंप बनवले होते ‘बीबीएन’ या कंपनीने. कंपनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावात, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. पहिली चारही यंत्रे पश्चिमेकडे, काही तर चार हजार किलोमीटरवर. यंत्र बिघडले की विमानाने माणूस पाठवायचा, हे परवडणारे नव्हते. विद्यापीठातल्या मंडळींना त्या पेटीच्या आत हात घालण्याची मुभा नव्हती. मग बिघाड कळणार कसा?

बीबीएनने केलेली युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. हजेरी घेण्याऐवजी त्यांनी प्रत्येक इंपला स्वतःच ‘हजर’ म्हणायला लावले. ठरावीक वेळाने प्रत्येक इंप केंब्रिजला एक छोटा अहवाल पाठवी : मी चालू आहे, माझ्या अमुक तारा ठीक आहेत, अमुक तारेवर चुका दिसत आहेत. अहवाल आला नाही तर? इथेच खरी गंमत आहे. प्रत्येक तारेला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांचे इंप तिच्याविषयी सांगत असतात. समजा, क या इंपचा अहवाल थांबला. त्याचे शेजारी ख आणि ग दोघेही म्हणतात, ‘क कडे जाणारी तार मेली आहे.’ दोन वेगळ्या तारा एकाच क्षणी तुटणे अवघड. म्हणजे बहुधा क स्वतःच बंद पडला आहे. पण फक्त ख तक्रार करत असेल आणि क चा अहवाल ग च्या वाटेने येतच असेल, तर दोष ख आणि क यांच्यामधल्या तारेत. शेजाऱ्यांना विचारून शांततेचा अर्थ लावायचा. आपणही वर्गात हेच करतो की!

तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या होत्या. पश्चिमेकडच्या दोन शहरांमधली तार बिघडली आहे, असा फोन टेलिफोन कंपनीला येई तो पूर्व किनाऱ्यावरच्या केंब्रिजहून. या लोकांना तिथे बसून हे कसे कळते, याचा टेलिफोनवाल्यांना आधी विश्वासच बसत नसे. १९७०च्या अखेरीस या देखरेख केंद्राची जबाबदारी अॅलेक्स मॅकेंझी यांच्याकडे आली. जाळे हे प्रयोगशाळेतले खेळणे नसून वीजपुरवठ्यासारखी अखंड चालणारी सेवा आहे, असे त्यांचे मत होते. आमच्या मते जाळ्याच्या देखरेखीचा खरा प्रारंभ त्या मतात आहे. यंत्रे त्यामागून आली.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. इंपचे अहवाल केंब्रिजला पोहोचत ते त्याच जाळ्यातून. जाळेच आजारी पडले तर त्याची नाडी पाहायची कशी?

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे घडले. आर्पानेट काही तास निरुपयोगी झाले. झालेला प्रकार बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी सविस्तर लिहून ठेवला. गणित शिकवणाऱ्यांनी तो मुलांना जरूर सांगावा.

प्रत्येक इंप आपल्या तारांची खबर बाकी सर्वांना कळवत असे. खबर हातोहात पसरे : मला मिळाली की मी शेजाऱ्यांना देतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. जुनी खबर नव्या खबरेला पुसू नये म्हणून प्रत्येक खबरेला क्रमांक असे. क्रमांकासाठी सहा बिट ठेवलेले, म्हणजे ० ते ६३. त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य. मग ६३ आणि ० यांत नवे कोणते? घड्याळाच्या तबकडीसारखा विचार करायचा : तबकडीवर जो आकडा ३२ घरांपर्यंत पुढे असेल तो नवा, त्याहून दूर असेल तर जुना.

आता ४४ हा आकडा द्विमान पद्धतीत लिहा : १०११००. त्यातला एक १ गळून ० झाला की होतात १०१०००, म्हणजे ४०. अजून एक गळला की ००१०००, म्हणजे ८. त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इंपची खबर शेजारच्या २९ क्रमांकाच्या नादुरुस्त इंपमधून जाताना असे बिट गळले, आणि एकाच इंपच्या ८, ४० आणि ४४ क्रमांकांच्या तीन खबरी जाळ्यात एकाच वेळी फिरू लागल्या. तबकडीवर मोजून पाहा. ८ पेक्षा ४० नवा (३२ घरे). ४० पेक्षा ४४ नवा (४ घरे). आणि ४४ पेक्षा ८ नवा (२८ घरे)! प्रत्येक खबर आधीचीपेक्षा नवी. प्रत्येक इंप ती उतरवून घेई, शेजाऱ्यांना देई, तोवर पुढची ‘नवी’ खबर दारात हजर. या खबरींना सर्वांत वरचा अग्रक्रम दिलेला होता, त्यामुळे इंपला दुसरे काहीच करायला उसंत मिळेना. आर्पानेटचे इंप स्वतःच्याच चकव्यात सापडले.

केंब्रिजला हे जाळ्यातून नीट कळणे शक्य नव्हते. अखेर ‘५० क्रमांकाकडून आलेली कोणतीही खबर टाकून द्या’ अशी तात्पुरती दुरुस्ती इंपमध्ये घातल्यावर चक्र थांबले. देखरेखीची वाट आणि वापराची वाट एकच असली की संकटात दोन्ही एकदम बंद होतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. आर्पानेट हे अनेक जाळ्यांपैकी एक झाले. ठिकठिकाणी स्थानिक जाळी उभी राहिली, अनेक कंपन्यांची यंत्रे आली, आणि सर्वांवर नजर ठेवणारे एखादे केंब्रिज उरले नाही. ज्याची अडचण त्याने सोडवायची.

अशाच एका अडचणीतून, डिसेंबर १९८३ मध्ये, जाळ्याचे सर्वांत प्रसिद्ध हत्यार जन्माला आले. मेरीलँडमधील अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस हे काम करीत. त्यांच्या जाळ्यात काहीतरी विचित्र चालले होते. इंटरनेटच्या नियमांत १९८१ पासून एक सोय होती : ‘हा संदेश जसाच्या तसा मला परत कर’ अशी विनंती कोणत्याही यंत्राला करता येई. म्यूस यांनी एका संध्याकाळी हजारेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो अशी विनंती पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. पाणबुडीतले सोनार यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या आवाजावरून म्यूस यांनी प्रोग्रॅमला नाव दिले ‘पिंग’.

पिंगची एक गोष्ट म्यूस यांनीच नोंदवून ठेवली आहे. इंडियाना विद्यापीठात जाळ्याची एक जोडणी सैल झाली होती, पण कोणती ते कळत नव्हते. तिथल्या एका गृहस्थाने प्रत्येक उत्तर आले की संगणक मोठ्याने ‘पिंग’ असे बोलेल अशी व्यवस्था केली, आवाज भरपूर वाढवला, आणि इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवून पाहिली. आवाज ज्या जोडणीशी अडखळला, ती दोषी! विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असा हा प्रयोग आहे.

पण पिंग फक्त ‘हजर’ एवढेच ऐकते. मूल हजर आहे पण तापाने फणफणले आहे, हे त्यातून पुरते कळत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामध्ये, जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरात, संदेशांचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. यंत्रे चालू, तारा शाबूत, तरी गर्दीने वाट तुंबलेली. व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा अभ्यास करून उपाय शोधला. संदेश वाटेत कोणकोणत्या राउटरवरून जातो ते दाखवणारा ‘ट्रेसराउट’ हा प्रोग्रॅमही त्यांचाच.

आता राउटरच्या पोटात डोकावण्याची गरज भासू लागली. किती संदेश आले, किती गेले, किती वाया गेले, हे राउटर आतल्या आत मोजतच असतो; पण ते विचारायची प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. १९८७-८८ साली यावर तीन उपाय पुढे आले. एक होता आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पठडीतला, भरभक्कम आणि सर्वांगपरिपूर्ण. दुसरा इंटरनेटच्याच काही तज्ज्ञांचा. त्यांपैकी क्रेग पार्ट्रिज यांनी तंटा मिटावा म्हणून तो मागे घेतला. तिसरा होता केस, फेडर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांचा, अगदी साधा. एप्रिल १९८८ मध्ये ठरले : सध्यापुरता साधा उपाय वापरू, पुढे यथावकाश भरभक्कम आणू. हा साधा उपाय म्हणजे ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’, थोडक्यात एसएनएमपी. त्याचा पहिला मसुदा ऑगस्ट १९८८चा. भरभक्कम उपाय इंटरनेटवर रुजला नाही. ‘सध्यापुरता’ मात्र आजही जगभरच्या राउटरांत बसलेला आहे. सरकारी शाळांतल्या ‘तात्पुरत्या’ वर्गखोल्यांची आठवण कोणाला झाली तर आमचा नाइलाज आहे.

तो टिकला याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. राउटरचे काम संदेश पोहोचवणे. देखरेखीने त्यालाच दमवले तर काय उपयोग? म्हणून त्याने करायचे फारच थोडे. आरंभी पाचच प्रकारचे संदेश होते : अमुक आकडा सांग, त्याच्या पुढचा सांग, हा घे आकडा, अमुक आकडा बदल, आणि राउटरने आपणहून मारलेली हाक. विचार करण्याचे काम विचारणाऱ्या संगणकाचे.

आणि कोणता आकडा, हे सांगायचे कसे? ग्रंथपालांची दशांश पद्धत आठवा : मोठा विभाग, त्यात पोटविभाग, त्यात आणखी पोटविभाग. तसेच इथे एक झाड कल्पिलेले आहे आणि प्रत्येक फांदीला क्रमांक. १.३.६.१.२.१.१.३ या पत्त्यावर यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला ते मिळते, सेकंदाच्या शंभराव्या भागांत. कंपनी कोणतीही असो, पत्ता तोच. ही पद्धत फक्त राउटरसाठी नाही हे दाखवायला जॉन रॉमकी यांनी १९९०च्या ‘इंटरॉप’ प्रदर्शनात चक्क पाव भाजायचा टोस्टर जाळ्याला जोडला. ‘आकडा बदल’ असा संदेश गेला की टोस्टर चालू! पाव मात्र हाताने ठेवावा लागे.

हे आकडे वाचताना नवशिक्या हमखास फसतो, म्हणून जरा थांबू. राउटर ‘सध्याचा वेग’ सांगत नाही. तो स्कूटरच्या किलोमीटर-मापकासारखा एकूण बाइट मोजत जातो. वेग आपण काढायचा : दोन वेळचे आकडे, त्यांतला फरक, भागिले वेळ. आणि मापकासारखाच हा मोजणाराही भरला की शून्यावर येतो. जुन्या पद्धतीत तो ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्य. समजा पहिले वाचन ४,२९,४९,००,००० आणि पाच मिनिटांनी ५,३२,७०४. फरक ऋण आला म्हणून घाबरायचे नाही. आधी शून्यापर्यंतचे ६७,२९६ आणि नंतरचे ५,३२,७०४, मिळून ६,००,००० बाइट; म्हणजे सेकंदाला १६,००० बिट. सेकंदाला एक कोटी बिटांची तार पूर्ण भरून वाहिली तर हा मोजणारा ५७ मिनिटांत फिरतो. शंभरपट वेगाच्या तारेवर ३४ सेकंदांत! दर पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला तो मध्ये किती वेळा फिरला हे कळणारच नाही. म्हणून पुढे ६४ बिटांचे मोजणारे आले. त्याच वेगाने ते फिरायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील. वेळ सांगणारा आकडा मात्र ३२ बिटांचाच राहिला. तो ४९७ दिवसांनी शून्य होतो, आणि मग राउटर नुकताच बंद होऊन सुरू झाला असा भास होतो.

आकड्यांना चित्राचे रूप दिले टोबी ओटिकर यांनी. १९९४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात हजाराहून अधिक संगणक बाहेरच्या जगाशी जोडलेले होते, ते सेकंदाला ६४,००० बिटांच्या एकाच तारेने. तार कितपत भरली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. ओटिकर यांनी राउटरला दर पाच मिनिटांनी विचारून आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये सर्वांना फुकट दिला. ‘एमआरटीजी’ या नावाने तो जगभर पसरला.

आपल्याकडेही तेव्हा अशाच बारीक तारा होत्या. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याची परदेशी तार मुंबईला जुहूच्या ‘एनसीएसटी’ या संस्थेतून जाई, आणि १९८९ साली तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. पिंगचा एक संदेश साधारण ८४ बाइटांचा, म्हणजे ६७२ बिट. दर सेकंदाला एक पिंग पाठवले तर तारेचा सात टक्के भाग नुसत्या हजेरीतच खर्च! आज आपण हे विसरतो, कारण तारा रुंद झाल्या आहेत.

आता आमच्या त्या शाळेकडे वळू. तिथल्या शिक्षकांनी आणि नववीच्या मुलांनी देखरेख बसवायची ठरवली तेव्हा आम्ही पहिले दोन दिवस संगणकाला हात लावू दिला नाही. आधी कागदावर नकाशा : कोणती तार कुठून कुठे, कोणती डबी कोणाच्या मागे, कोणती पिन कोणत्या बोर्डात. राउटरच बंद असेल तर त्याच्या पलीकडची सारी नावे गैरहजर दिसणार. नकाशा असेल तरच पहिला दोषी ओळखता येतो. मग एका जुन्या संगणकावरून दर पाच मिनिटांनी प्रत्येक पत्त्याला पिंग. एक उत्तर चुकले तर नुसती नोंद, लागोपाठ तीन चुकली तर ओरड. एखादा संदेश वाटेत हरवतोच. साधी डबी स्वतः उत्तर देत नाही, तिच्यामागचे संगणक एकदम गप्प झाले की दोष तिचा. राउटरमध्ये एसएनएमपी चालू केले ते फक्त वाचण्यापुरते. त्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून बहुधा ‘पब्लिक’ असाच येतो आणि जुन्या आवृत्त्यांत तारेवरून उघडा जातो, म्हणून राउटरला येत होती ती तिसरी, गुप्तलेखन असलेली आवृत्ती घेतली. आणि बिघाडाची खबर शिक्षकांच्या मोबाइलवर जाते ती शाळेच्या इंटरनेटवरून नव्हे, साध्या एसएमएसने. १९८० सालची गोष्ट मुलांना त्याच दिवशी सांगितली.

पहिल्या आठवड्यातच एक मजा दिसली. राउटर सुरू होऊन किती वेळ झाला, हा आकडा कधी चोवीस तासांच्या पुढे जाईना. रोज सकाळी साडेदहाच्या आसपास तो शून्यावर येई. कोणी राउटरला हात लावत नव्हते. दोन मुले वही घेऊन पहारा द्यायला बसली. साडेदहाला शिपाईकाकांनी टाकी भरायला पाण्याचा पंप लावला, दिवे क्षणभर मंद झाले आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पूर्वी ‘सकाळी नेट जरा अडतेच’ म्हणून सगळे सोडून देत, ते हेच.

राउटरला एक लहान बॅटरी लावली. आम्ही मागच्या खेपेला गेलो तेव्हा आकडा ४१ दिवसांवर पोहोचला होता. तो ४९७ दिवसांना खरेच शून्य होतो का, हे पाहायचे म्हणून मुलांनी भिंतीवर तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी ती दहावी पास होऊन गेलेली असतील, म्हणून वही आठवीच्या ताब्यात दिली आहे.